एमजी टीसी पुन्हा रस्त्यावर: कागदपत्रांपासून पहिल्या फेरीपर्यंत

जुनी स्पोर्ट्‌स कार बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. इंजिन फिरतंय का, पार्ट मिळतील का, मूळ रंग कोणता होता, हे सगळं विचारून होतं. आरसी बुकाची आठवण होते ती टोकन देऊन झाल्यावर. हा क्रम उलटा करा. आधी कागद, मग चासीवरचा (गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीवरचा) आकडा, मग लाकूड आणि पत्रा, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. इंजिन कितीही बिघडलेलं असलं तरी पैसे आणि वेळ घालून उभं राहतं. हरवलेली ओळख मात्र कुठल्याच गॅरेजमध्ये बनवून मिळत नाही.

या लेखासाठी मी एमजी टीसी ही एकच गाडी समोर ठेवली आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात या दहा हजार गाड्या बनल्या. १२५० सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, तारेची १९ इंची चाकं, दोन माणसांची जागा. सगळ्या टीसी उजव्या स्टिअरिंगच्या होत्या, अमेरिकेला गेलेल्यासुद्धा. ड्रायव्हरसमोर रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ) आणि स्पीडोमीटर शेजारी बसणाऱ्यासमोर, अशी तिची मांडणी. तिच्यानंतर आलेल्या टीडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, रॅक-पिनियन स्टिअरिंग आणि १५ इंची चाकं मिळाली, पण इंजिन आणि लाकडी सांगाडा तोच राहिला. त्यामुळे इथलं बरंचसं टीडीलाही लागू पडेल.

पहिल्याच कामासाठी टीसी चांगली, असं माझं मत आहे. चासी वेगळी, बॉडी वेगळी, आणि प्रत्येक भाग हातात घेऊन बघता येईल इतका साधा. पार्टही आजपर्यंत बनतात. १९४८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या मॉससारख्या कंपन्यांचा धंदा याच गाड्यांच्या पार्टवर उभा राहिला. इंग्लंडमधल्या एमजी कार क्लबचं ‘टी रजिस्टर’ या मालिकेच्या नोंदी सांभाळतं.

कागद आणि आकडे

टीसीचे चासी नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. ही एमजीची जुनी प्रथा. हा नंबर चासीच्या डाव्या दांडीच्या पुढच्या टोकाला ठोकलेला असतो आणि बहुतेक वेळा रंगाच्या थराखाली बुजलेला असतो. पॉलिश पेपर आणि थिनरने हलक्या हाताने साफ करा. ग्राइंडर लावू नका, कारण ग्राइंडरने पुसट झालेला नंबर आरटीओच्या निरीक्षकाला खोडल्यासारखाच दिसतो. एक्सपीएजी (हे टीसीच्या इंजिनाचं नाव) या अक्षरांनी सुरू होणारा इंजिन नंबर इंजिनावरच्या अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. बॉनेटखालच्या कारखान्याच्या पट्टीवर दोन्ही नंबर सापडतात. पट्ट्या निघतात आणि विकतही मिळतात, म्हणून विश्वास चासीवर ठोकलेल्या आकड्यावरच ठेवायचा.

हे आकडे आरसी बुकाशी ताडून बघा. आपल्याकडे गेल्या ५०-६० वर्षांत अनेक जुन्या गाड्यांत मिळेल ते इंजिन बसवलं गेलं, ॲम्बेसेडरचं तर सर्रास. त्या काळी मालकाला गाडी चालती ठेवायची होती आणि पार्ट मिळत नव्हते, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर नसेल तर आज ते तुमचं दुखणं होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी विंटेज ठरते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे. परक्या इंजिनाची टीसी घेत असाल तर एक्सपीएजी इंजिन शोधण्याचा खर्च सौद्याच्या आधीच हिशेबात धरा.

महाराष्ट्रात एमएच मालिका १९८९ मध्ये आली. तिच्या आधीचा नंबर असलेल्या गाडीची नोंद संगणकावर चढलेलीच नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा विकणाऱ्याला सोबत घेऊन त्याच्या आरटीओत जा, मूळ रजिस्टरमधली नोंद काढायला लावा आणि ती ‘वाहन’ या आरटीओच्या संगणक प्रणालीत बॅकलॉग (जुनी राहिलेली नोंद) म्हणून चढवून घ्या. हे काम विकणाऱ्याच्या नावावर गाडी असतानाच व्हायला हवं. पैसे हातात पडल्यावर आरटीओच्या रांगेत उभं राहायचा उत्साह कुणाला उरत नाही.

मालक हयात नसेल तर आधी वारसांच्या नावावर फॉर्म ३१ ने हस्तांतर, त्यानंतर तुमच्या नावावर फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६ ने दुय्यम प्रत. चार भावांपैकी एकाच्या सहीवर गाडी घेऊ नका, बाकीचे तिघे कितीही जिव्हाळ्याचे वाटले तरी.

गाडी बघायला जाताना

सोबत चांगला टॉर्च, कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक, टोचा, मोजपट्टी आणि जुने कपडे असू द्या. दिवसाउजेडी जा.

टीसीची बॉडी म्हणजे ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पातळ पत्रा. आपल्या हवेत पत्र्याआधी लाकूड जातं. पावसाचं पाणी दाराखालच्या आडव्या दांड्यांत साचतं आणि तिथून कूज वर चढते. वाळवी लागली असेल तर बाहेरून रंग चकचकीत आणि आत नुसती माती, असंही असतं. टीसीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असतात. दार अर्धं उघडून टोकाला धरून हलकेच वर उचला. बिजागरीसकट खांबच हलला तर त्याच्या तळाचं लाकूड गेलेलं आहे. सीटखाली, पायांच्या फळीखाली आणि मागच्या चाकांच्या कमानीत टोचा लावा. निरोगी लाकडात तो घुसत नाही.

लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबीचा (पत्र्याचे खड्डे भरायच्या पुट्टीचा) जाड थर आहे. मडगार्डच्या कडा आणि दाराचा खालचा भाग इथे ती हमखास भेटते. थोडी लांबी असायचीच, तिला घाबरू नका. फक्त ती फारच जाड निघाली तर गाडी कधीतरी जोरात आपटली होती का, ते चासी मोजून बघा.

इंजिन फिरत नसेल तर जोर लावू नका, आणि ‘जरा टो करून बघूया’ असं कुणी म्हणालं तर ठामपणे नाही म्हणा. अडकलेल्या रिंगा मोडतात आणि सिलिंडर चरचरीत ओरखडले जातात. प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) यांचं मिश्रण ओता, आठवडाभर मुरू द्या, मग हँडलने पुढे-मागे हळूहळू हलवा.

सगळ्यात जास्त किंमत सुट्या वस्तूंची असते. डॅशबोर्डवरची घड्याळं, दिवे, विंडस्क्रीनच्या फ्रेमचे कंस, हुडाच्या कांबी, रेडिएटरचं कवच. विकणारा म्हणतो, ‘सगळं आहे, माळ्यावर खोक्यात आहे.’ खोकी खाली उतरवून घ्या, अंगणात मांडा, फोटो काढा, यादी करा आणि त्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या. मोडका मूळ तुकडासुद्धा टाकू देऊ नका. नवा बनवताना तोच नमुना म्हणून लागतो.

ट्रकमधला प्रवास

अर्धवट सुटलेल्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान प्रवासात होतं, आणि याच कामाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. म्हणून इथे थोडं सविस्तर.

वाहन कोणतं? चाकणहून नव्या गाड्या घेऊन जाणारे दुमजली कार कॅरियर स्वस्तात मिळाले तरी तुमच्या कामाचे नाहीत. त्यांच्या रॅम्पवर गाडी स्वतःच्या इंजिनावर चढावी लागते. बंद इंजिनाची गाडी विंच असलेल्या फ्लॅटबेडवरच न्यावी. शहरातल्या शहरात, किंवा फार तर मुंबई-पुण्याइतक्या अंतरासाठी, तिरका होणारा टो-ट्रक चालतो. नागपूर-पुणे किंवा इंदूर-मुंबई असा लांबचा पल्ला असेल तर बंद बॉडीचा आणि विंचचा ट्रक शोधा. उघड्या मालवाहू ट्रकमध्ये फळ्या टाकून दहा माणसांनी ढकलून गाडी चढवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. टीसी साधारण ८०० किलोची, म्हणून ती सोपी वाटते. पण फळी घसरली तर खालच्या माणसाला ८०० किलो पुरेसे असतात. तसाच ट्रक घ्यावा लागला तर गोदामाच्या धक्क्यावरून, ट्रकच्या पाट्याशी समतळ करून चढवा आणि उतरवा. उतरवायच्या ठिकाणीही धक्का आहे ना, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.

तयारी आदल्या दिवशी करा. पेट्रोल पूर्ण काढा. बॅटरी काढून वेगळी ठेवा. टायरमध्ये हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी बसलेल्या दिसल्या तर ट्यूब बदला, कारण सपाट टायरवर ओढलेल्या गाडीच्या तारा वाकतात. ब्रेक अडकलेले असतील तर ड्रम काढून लायनर मोकळे करून घ्या. ओढत नेलेलं जाम चाक रिम आणि ॲक्सल दोन्हींवर ताण आणतं. टीसीचं बॉनेट मधल्या बिजागरीवर दोन्ही बाजूंनी उघडतं आणि त्याच्या कड्या जुन्या झाल्या की वाऱ्याने सुटतात. ते काढून, गोधडीत गुंडाळून, उभं ठेवा. विंडस्क्रीनही उतरवा. दिवे, घड्याळं, पितळी पट्ट्या, कागद यांतलं काहीही ट्रकमध्ये देऊ नका. ते तुमच्यासोबत, तुमच्या वाहनातून.

आता बांधणं. विंचचा आकडा चासीला लावायचा, स्टिअरिंगच्या टाय रॉडला किंवा बंपरच्या कंसाला कधीच नाही. टीसीला पुढे एकसंध ॲक्सल आहे. रुंद रॅचेट पट्टे त्या ॲक्सलभोवती आणि मागच्या ॲक्सलच्या नळीभोवती घ्या. मागे ब्रेकची नळी ॲक्सललगतच जाते, पट्ट्याखाली ती चेपत नाही ना ते टॉर्चने बघा. चारही पट्टे चार दिशांना ओढलेले असावेत, मागचे दोन एकमेकांना छेदून. तारेच्या चाकांच्या तारांतून पट्टा घालायचा नाही. बॉडीवरून दोर टाकायचा नाही, कारण सुंभाचा दोर एका रात्रीत मडगार्डच्या कडेचा रंग पत्र्यापर्यंत खातो, आणि कुजलेल्या लाकडाचा सांगाडा त्या ओढीने चेपतोच. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे ठोका. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक मोकळा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचा ओढलेला हँडब्रेक उतरवताना सुटत नाही.

वीस-पंचवीस किलोमीटरवर ट्रक थांबवून पट्टे पुन्हा आवळा. स्प्रिंग बसतात, पट्टे ढिले होतात. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट वाटेत असेल तर घाटाच्या तोंडाशी पुन्हा एकदा.

रंग झालेल्या गाडीवर कव्हर घालून उघड्या ट्रकवर नेऊ नका. वाऱ्याने फडफडणारं कापड आणि त्याखाली अडकलेली धूळ मिळून सगळा रंग घासून काढतात. ताडपत्री हवीच असेल तर ती ट्रकच्या कमानींवर ताणा, गाडीला टेकू देऊ नका. आणि पत्रा उघडा केलेली, नुसती प्रायमर मारलेली गाडी जून ते सप्टेंबर हलवूच नका. साधा प्रायमर पाणी अडवत नाही, त्याच्या आत गंज धरतो.

बिल्टीवर ‘जुनी मोटार, चालू स्थितीत नाही, दुरुस्तीसाठी’ असं चासी नंबरसकट लिहून घ्या. आरसीची प्रत आणि विक्रीपत्र ड्रायव्हरजवळ द्या. प्रवासाचा विमा वेगळा काढा आणि त्यात ठरलेली रक्कम लिहून घ्या. चढवण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढून तो ट्रान्सपोर्टवाल्याला तिथेच पाठवा. दाव्याच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

सुटी करण्याचा शिस्तीचा भाग

घरी आलेल्या गाडीवर पहिल्याच रविवारी पाना घेऊन तुटून पडू नका. आधी महिनाभर नुसतं बघा, मोजा, फोटो काढा. दार आणि बॉडीमधल्या फटी, मडगार्डपासून जमिनीपर्यंतची उंची, वायर कुठून कुठे जाते, नळ्यांची वळणं, सगळं. मग एका भागाला एक डबा, एका जोडाला एक झिपची पिशवी, आत चिठ्ठी. पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई तेलात उडते.

टीसी सुटी करताना एक गोष्ट माहीत नसेल तर इंजिनाची कायमची नासाडी होते. एक्सपीएजीचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी विटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. कारण इतिहासात आहे. एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती, आणि इंग्रज मेकॅनिकच्या हातात विटवर्थ पाने होते. गाडीच्या बाकी भागात बीएसएफ (बारीक ब्रिटिश) आटे. त्यामुळे पाना बसला म्हणजे बोल्ट बरोबर, असं इथे होत नाही. आपल्याकडचे मिस्त्री बोल्ट अडला की टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, मोकळा करतात, आणि तिथेच मूळ आटे संपतात. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) घ्या, प्रत्येक हरवलेल्या बोल्टचं माप आधी काढा, आणि गॅरेजमध्ये सगळ्यांना सांगून ठेवा: विचारल्याशिवाय टॅप नाही.

चासी आणि लाकूड

नुसती चासी समतळ घोड्यांवर ठेवा. ठराविक भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा, चासी बाजूला करा आणि खुणांमधले कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी चासी सरळ करून घ्या. वाकड्या चासीवर दारं कधीच बसत नाहीत. चासीला सँडब्लास्टिंग चालतं. बॉडीच्या पातळ पत्र्याला मात्र ते देऊ नका, उष्णतेने आणि माराने पत्रा लहरी धरतो.

लाकडाबद्दल दोन मतं आहेत. इंग्लंडहून ॲशचा तयार सांगाडा मागवता येतो. तो महाग पडतो, वर कस्टम ड्यूटी, पण मापं बरोबर असतात. दुसरा मार्ग सागवानाचा. ॲश लवचिक आहे आणि धक्के चांगले सोसतं, पण वाळवी आणि ओल यांच्यापुढे ते हतबल आहे. चांगलं मुरलेलं जुनं सागवान आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मूळ सांगाड्यातलं साठ-सत्तर टक्के लाकूड निरोगी असेल तर ते ठेवा आणि फक्त गेलेले तुकडे सागवानात जोडा, हा माझा सल्ला. सागवानात नैसर्गिक तेल असतं, डिंक धरत नाही. जोडाची जागा ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावा. आणि हे काम मोटारीच्या डेंटरला देऊ नका, जुनी दारं-खिडक्या बनवणारा सुतार शोधा. त्याला तिरकस सांध्यांची जाण असते.

नवा सांगाडा चासीवर बोल्टने बसवा, दारं टांगा, फटी जुळवा, आणि मगच पत्रा ठोका. फटी जुळेपर्यंत पत्र्याला हात लावायचा नाही. इथे सुताराला घाई करू नका.

इंजिन

हेड उतरवल्यावर आधी तडे तपासा. एक्सपीएजीच्या हेडला तडे जाण्याची खोड आहे, विशेषतः जे कधीतरी पाण्याविना तापलं असेल त्याला. लाल रंगाच्या डाय टेस्टचं किट कुठल्याही एमआयडीसीतल्या दुकानात मिळतं. ते स्वतः करता येतं. क्रँक, पुढचे स्टब ॲक्सल आणि मागचे हाफ शाफ्ट यांना मात्र चुंबकीय क्रॅक टेस्टच हवी. हाफ शाफ्टमधला तडा बहुधा टेपरवरच्या चावीच्या खाचेपाशी असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

मशीनिंगसाठी महाराष्ट्रात आपण नशीबवान आहोत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर हात बसलेले टर्नर आणि फाउंड्रीवाले आहेत. भोसरीतही चांगले क्रँक ग्राइंडर सापडतात. त्यांना ‘जुनी गाडी आहे, बघून घ्या’ असं मोघम सांगू नका. बोअर ६६.५ मिलिमीटर, स्ट्रोक ९०, कोणत्या ओव्हरसाइझचे पिस्टन आणलेत, बेअरिंगची मोकळीक किती हवी, हे कागदावर लिहून द्या. पिस्टन आणि बेअरिंग शेल आधी हातात घ्या, मग बोअरिंग आणि ग्राइंडिंग. उलट केलं तर साइझ न मिळाल्याने ब्लॉक वर्षभर पडून राहतो.

शिसंविरहित पेट्रोलसाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुने रबरी पाइप आणि टाकीच्या आतला जुना सीलंट विरघळवतं, आणि उभ्या गाडीत हवेतली ओल ओढून घेतं. पाइप इथेनॉल सोसणारे, आर-नाइन दर्जाचे घ्या. एसयू कार्बोरेटरच्या जेटच्या बुचाच्या सील काढून व्हिटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराच्या घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करा.

इंजिन बांधून झाल्यावर थेट स्टार्टर मारू नका. एक्सपीएजीचा ऑइल पंप उभ्या इंजिनात तेल धरून ठेवत नाही. पंप तेलाने भरा, प्लग काढून हँडलने फिरवा, आणि तेलाच्या घड्याळात दाब दिसल्यावरच प्लग लावा. साधं २०-५० मिनरल ऑइल वापरा. मागून थोडं तेल ठिबकेल. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, तेल परत ढकलणारी सर्पिल खाच आहे, आणि उभ्या इंजिनात ती काही करू शकत नाही. खाली ट्रे ठेवा. टॅपेटचा गॅप टीसीच्या मूळ कॅमला ०.०१९ इंच, इंजिन गरम असताना. नंतरच्या इंजिनांचा कॅम बसवलेला असेल तर ०.०१२. कोणता कॅम आहे हे बांधतानाच मोजून लिहून ठेवा.

ब्रेक, चाकं, स्टिअरिंग

चारही ब्रेक हायड्रॉलिक, ड्रमचे, आणि सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही गेले. म्हणून इथे जुनं काहीही वाचवायचं नाही. नळ्या तांबं-निकेल मिश्रधातूच्या, होज नवे, रबर नवं. सिलिंडर खड्डे पडलेले असतील तर स्टेनलेसची स्लीव्ह घाला. ‘मूळ जपा’ हा नियम मी इथे बाजूला ठेवतो.

तारेच्या चाकांचे पंखांसारखे नट डावीकडे घड्याळाच्या उलट आणि उजवीकडे घड्याळाच्या दिशेने सुटतात. ॲक्सल जोडताना हब डावे-उजवे अदलाबदल झाले तर चालत्या गाडीचं चाक आपोआप मोकळं होतं. सुटे करतानाच हबवर खूण करा. नटाला लोखंडी हातोडा नाही, तांब्याचा किंवा कच्च्या चामड्याचा.

स्टिअरिंग सैल वाटलं की लोक लगेच स्टिअरिंग बॉक्सला दोष देतात. आधी चाकांचा वेध (अलाइनमेंट), मग किंगपिन, मग टाय रॉडची टोकं, मग कमानपाट्यांचे बुश. हे सगळं नीट झाल्यावर बॉक्सच्या वरच्या झाकणाखालचे शिम (पातळ चकत्या) कमी करा, तेही चाकं सरळ असताना, कारण बॉक्सची झीज मध्यभागी जास्त असते पण टोकाला तो जाम होऊ शकतो.

वायरिंग आणि रंग

टीसीची बॅटरी १२ व्होल्टची, पण पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे तिचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं. बॅटरीवाल्याला सवय उलटी असते. गाडीवर ठळक चिठ्ठी लावा. कापडी वेष्टनाचं नवं हार्नेस विकत मिळतं, तेच घ्या. जुन्यात जोड देत बसू नका, बॉनेटखाली आग तिथूनच लागते. मुख्य कटआउट स्विच लपवून बसवला तर मूळ रूपाला बाधा येत नाही.

रंगाबद्दल एवढंच की पत्रा उघडा केला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर गेला पाहिजे, आणि पावसाळ्यात स्प्रे करायचा नाही. दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. क्रोमवाल्याकडे जाणारा प्रत्येक तुकडा मोजून, फोटो काढून, पावतीवर लिहून द्या.

नोंदणी आणि पहिले किलोमीटर

विंटेज नोंदणीसाठी फॉर्म २०, विम्याची पॉलिसी, जुनी आरसी आणि शुल्क लागतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि पुढे नूतनीकरणाला ५,०००. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. तुमच्या गाडीला आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो, आणि तो जरूर ठेवा, तोही गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. या नोंदणीवर रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोजचा किंवा धंद्याचा वापर चालत नाही. नोंदणीआधीच्या तपासणीला जाताना जुन्या अवस्थेपासूनचे सगळे फोटो एका फाइलमध्ये न्या. विम्याच्या वेळीही तीच फाइल काढा, कारण इतक्या जुन्या गाडीची विमा रक्कम तुमच्या आणि कंपनीच्या सहमतीने ठरते.

पहिली फेरी कॉलनीच्या आत, पहिल्या गिअरमध्ये, फक्त ब्रेक तपासायला. मग पाच किलोमीटर, थांबून प्रत्येक हबला हात लावा. एक जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. दीडशे-दोनशे किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा लावा, चाकांच्या तारा टिचकीने वाजवून बघा. बोदा आवाज करणारी तार सैल आहे. लाकडी सांगाड्याचे बोल्टही याच वेळी आवळायचे, लाकूड बसलेलं असतं. पाचशे किलोमीटरला तेल बदला, जुनं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात बघा. त्यात चकाकणारे पिवळट कण दिसले तर इंजिन बंद ठेवा आणि संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उघडा.